अंबरकोटाचा वारस

पितापुत्रांचा कलह हा रंगभूमीचा फार जुना विषय आहे. राजाराजांच्या वैरात एकाची बाजू न्यायाची व दुसऱ्याची अन्यायाची असे ठरविणे सोपे असते. पित्याच्या व पुत्राच्या वैरात तसे करता येत नाही. दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि तरीही दोघे मिळून एका घराचा नाश घडवून आणतात. मराठी रंगभूमीने हा विषय मोठ्या ताकदीने हाताळला आहे. वसंत कानेटकरांचे 'रायगडाला जेव्हा जाग येते' हे १९६२ सालचे नाटक शिवाजी महाराजांच्या अखेरच्या दिवसांतील घरच्या कलहावर उभे आहे. प्रेक्षक तेथे छत्रपतींचे ऐश्वर्य पाहावयास जातो, आणि मुलाशी मन न जुळलेला एक थकलेला बाप पाहून परत येतो.

अमेरिकेतही हा विषय एका थोर नाटकाने गाजविला. कृष्णवर्णीय नाटककार ऑगस्ट विल्सन याचे 'फेन्सेस', म्हणजे 'कुंपणे', हे नाटक १९८७ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले व त्याच वर्षी त्यास पुलित्झर पारितोषिक मिळाले. पिट्सबर्ग शहरात कचरा उचलण्याचे काम करणारा ट्रॉय मॅक्सन हा त्यातील पिता. तारुण्यात तो बेसबॉलचा उत्तम खेळाडू होता; परंतु काळ्या माणसाला मोठ्या संघांत प्रवेश नव्हता. पुढे त्याच्या मुलाला, कोरीला, फुटबॉलच्या जोरावर महाविद्यालयात जाण्याची संधी येते, आणि हाच बाप ती हाणून पाडतो. जगाने आपल्याला जी वागणूक दिली तीच मुलाच्याही वाट्याला येणार, अशी त्याची खात्री असते. जग थोडे बदलले आहे हे त्याला पटत नाही. मुलगा घर सोडून लष्करात जातो व बापाच्या अंत्यविधीच्या दिवशीच परततो.

या नाटकाच्या साडेतीनशे वर्षे आधी, असेच एक कृष्णवर्णीय पितापुत्र महाराष्ट्राच्या भूमीवर होऊन गेले. त्यांचे नाट्य कोणा कवीने रचलेले नाही. ते इतिहासात घडले आहे. त्याची स्थळे बहुतेक अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, निजामशाही मुलखातील आहेत. नगरजवळची भातवडी, पलीकडे दौलताबादचा दुर्ग, आणि शेवटच्या प्रवेशासाठी संगमनेर-अकोल्याच्या डोंगरांत राजूरच्या आसपासची खोरी. त्या पित्याचे नाव मलिक अंबर; पुत्राचे नाव फत्तेखान.

मलिक अंबराचा जन्म सुमारे १५४८ साली हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, झाला. त्याचे मूळचे नाव चापू असे होते, असे एका डच व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. अरबस्तान व बगदाद येथील बाजारांतून हात बदलत बदलत तो दक्षिणेत आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याने त्यास विकत घेतले. हा चंगीजखान स्वतः एके काळचा हबशी गुलाम होता. येथे दक्षिणेतील गुलामगिरी व अमेरिकेतील गुलामगिरी यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. अमेरिकेत गुलामाचा मुलगा गुलामच जन्मास येई व शेतावर राबून मरे. दक्षिणेतील सुलतान व अमीर हबशी गुलाम विकत घेत ते मुख्यतः तलवारीसाठी. परदेशातून आलेल्या या पोरक्या मुलाला या देशात ना भाऊ, ना भाऊबंद. तेव्हा तो धन्याशी इमान राखील असा त्यात हिशेब असे. धनी निवर्तला म्हणजे असा गुलाम बहुधा मोकळा होई, आणि अंगी कर्तृत्व असल्यास स्वतः सरदार बनून दुसरे हबशी पदरी बाळगी. या व्यवस्थेत वारसा रक्ताने जात नसे; धन्याकडून कर्तबगार चाकराकडे जाई. चंगीजखानाची विद्या अंबराकडे आली ती अशीच.

चंगीजखानाच्या मृत्यूनंतर अंबराने पुष्कळ वर्षे हलाखीत काढली. थोडे घोडेस्वार बरोबर घेऊन तो विजापूरकरांच्या चाकरीत राहिला व १५९५ च्या सुमारास निजामशाहीत परत आला. त्या वेळी मोगलांची फौज नगरच्या किल्ल्यावर चालून आली होती. चांदबिबीने १५९६ पर्यंत किल्ला लढविला, पण १६०० साली तो पडला. राजा कैद झाला, राजधानी गेली, निजामशाही संपली असे अकबराच्या दरबारी मानले गेले. ते खोटे पाडण्याचे काम बावन्न वर्षांच्या या हबशाने केले. राजघराण्यातील एक पुरुष शोधून काढून, मूर्तजा निजामशाह या नावाने परांड्याच्या किल्ल्यात त्यास गादीवर बसविले आणि आपली मुलगी त्यास दिली. तेव्हापासून पुढची सव्वीस वर्षे, प्रथम प्रतिस्पर्ध्यांशी झगडून व नंतर एकहाती, निजामशाही म्हणजे मलिक अंबर असेच समीकरण होऊन बसले.

मोगलांच्या मोठ्या फौजांशी समोरासमोर लढण्याचे त्याने टाळले. हलके घोडदळ घेऊन शत्रूची रसद तोडावी, रात्री छापे घालावे, डोंगरांत नाहीसे व्हावे, ही युद्धपद्धती त्याने मराठा सरदारांच्या साह्याने परिपूर्ण केली. गावांचा वसूल मक्त्याने देण्याची पद्धत मोडून, जमिनीचा कस पाहून सारा ठरविण्याची घडी त्याने बसविली; 'मलिकंबरी' या नावाने ती पुढे पिढ्यानुपिढ्या ओळखली गेली. १६१० साली त्याने खडकी हे नगर वसविले व तेथे नहर बांधून पाणी आणले. हेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. दिल्लीचा जहांगीर आपल्या आत्मचरित्रात अंबराचे नाव काळ्या रंगावरून शिवी दिल्यावाचून क्वचितच घेतो. १६१६ च्या सुमारास त्याच्या पदरचा चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले. भाल्यावर अंबराचे मस्तक टांगले आहे आणि बादशाह त्यावर बाण मारीत आहे. प्रत्यक्षात जहांगीराला ते मस्तक कधीच मिळाले नाही. चित्रात मात्र त्याने आपली हौस भागवून घेतली.

नाट्याच्या दृष्टीने या पराक्रमापेक्षा महत्त्वाची आहे ती १६१० सालची एक घटना. मूर्तजा निजामशाहाच्या जनानखान्यात अंबराची मुलगी व एक इराणी कुळातील बेगम यांचे भांडण झाले. त्या बेगमेने अंबराच्या मुलीस गुलामाची पोर म्हणून हिणविले व खुद्द अंबरास बंडखोर म्हटले. मुलीने ते बापाच्या कानी घातले. त्यानंतर थोड्याच काळात बेगम व सुलतान या दोघांचाही विषप्रयोगाने अंत झाला. ही हकीकत त्याच काळी दक्षिणेत येऊन अंबरास भेटलेल्या पीटर व्हान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने नमूद केली आहे. हाच व्यापारी अंबराच्या राज्यकारभाराची व त्याच्या कडक न्यायाची वाखाणणीही करतो, हे विशेष. मृत सुलतानाच्या सुमारे पाच वर्षांच्या मुलास बुऱ्हाण निजामशाह म्हणून गादीवर बसविण्यात आले. जुन्या मराठी ग्रंथांत यालाही मूर्तजाच म्हटलेले आढळते. गादीवर अजाण बालक आणि कारभार सर्वस्वी अंबराचा, अशी व्यवस्था झाली.

या सर्व काळात फत्तेखान वाढत होता. तो गुलाम म्हणून जन्मास आला नाही. तो राज्याच्या धन्याचा मुलगा म्हणून वाढला. १६०९ साली विजापूरच्या इब्राहीम आदिलशाहाने पुढाकार घेऊन त्याचा विवाह विजापूरचा मातबर हबशी सरदार याकूतखान याच्या मुलीशी लावून दिला. ज्या बापाला कोणी दोर बांधून गलबतात चढविले होते, त्याच्या मुलाच्या लग्नात एका सुलतानाने यजमानपण करावे, हे त्या बापाच्या आयुष्यातील मोठ्या समाधानाचे क्षण असले पाहिजेत. परंतु याच ठिकाणी अंबराने नकळत एक बदल केला. आपल्याला चंगीजखानाकडून जे मिळाले ते गुणांवर मिळाले होते. आपल्यामागे ते रक्ताच्या नात्याने जावे अशी त्याने व्यवस्था चालविली. बापाला हे नैसर्गिकच वाटणार. पण ज्या शाळेत तो स्वतः शिकला, ती शाळा मुलाला मिळाली नव्हती. परक्या देशात एकटे पडणे, धनी बदलणे, पंचवीस वर्षे दुसऱ्यांचे हुकूम पाळणे, पराभवानंतर पुन्हा फौज जमविणे, यांतले काहीच फत्तेखानाच्या वाट्यास आले नाही. त्याने पाहिले ते एवढेच, की आपला बाप सुलतानांना बसवितो आणि वेळ आली म्हणजे दूर करतो.

पित्याच्या आयुष्याचा शेवटचा मोठा प्रवेश १६२४ साली नगरजवळ भातवडी येथे झाला. मोगल व विजापूरकर दोघेही एकत्र होऊन त्याच्यावर चालून आले. अंबराचे वय त्या वेळी पंचाहत्तरीच्या पुढे गेले होते. त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत चिखल करून सोडला, रात्रीचे हल्ले चढविले, दाणावैरण तोडली, आणि अखेर दोन्ही फौजांचा धुव्वा उडविला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी रणात पडला. या लढाईत निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे भोसले व त्यांचे बंधू शरीफजी हे लढले; शरीफजी तेथेच कामास आले. भातवडीच्या माळावर म्हाताऱ्या अंबराच्या हाताखाली एक तरुण मराठा सरदार त्याची विद्या डोळ्यांनी पाहत होता, ही गोष्ट पुढच्या कथाभागासाठी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१६२६ साली मलिक अंबर वारला. त्याची कबर खुलदाबादेस आहे. जन्मभर त्याच्याशी वैर केलेल्या मोगल दरबारच्या इतिहासकारानेही त्याच्या मृत्यूची नोंद करताना त्याच्या युद्धकौशल्याची व शासनाची मुक्तकंठाने स्तुती केली. फत्तेखान पेशवा झाला. पण बापाने मागे ठेवलेल्या वस्तूंत एक अवघड वस्तू होती, ती म्हणजे वयात आलेला सुलतान. १६१० साली पाच वर्षांचा असलेला बुऱ्हाण आता एकवीस वर्षांचा झाला होता. सोळा वर्षे तो नावाचा राजा होता. अंबराचा दरारा होता तोवर तो गप्प राहिला. अंबराच्या मुलाखाली तसेच राहण्याचे त्यास कारण नव्हते. अल्पावधीतच त्याने फत्तेखानास कैदेत टाकले व हमीदखान नावाच्या दुसऱ्या एका हबशास जवळ केले. पुत्राचा दोष येथे कोणता? पित्याने राजाला दुबळे ठेवून राज्य राखले होते. ही युक्ती एका पिढीपुरती होती. तिचे व्याज पुत्राला फेडावे लागले.

पुढील चार-पाच वर्षे निजामशाहीला ग्रासणारी ठरली. १६२९ साली सुलतानाने दौलताबादेस लखुजी जाधवरावांचा भर दरबारात खून करविला आणि मराठा सरदार बिथरले. लखुजींचे जावई शहाजीराजे काही काळ मोगलांना मिळाले. शहाजहान स्वतः दक्षिणेत उतरला. त्यातच १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पडला. गुजरात व दख्खन येथील गावेच्या गावे ओस पडली. अशा संकटात घाबरलेल्या सुलतानास जुन्या पेशव्याच्या मुलाची आठवण झाली. फत्तेखान कैदेतून सुटला व पुन्हा अधिकारावर आला. परंतु कैदेतून बाहेर आलेला माणूस आत गेलेल्या माणसासारखा नव्हता. सुलतान आपल्याला पुन्हा बेड्या घालील या भयाने त्याने सुलतानालाच कैद केले व नंतर ठार केले; त्याच्या पक्षाचे कित्येक अमीरही मारले. हुसेन नावाचे एक मूल गादीवर बसविले आणि मोगल बादशाहाच्या नावाने खुतबा वाचविला.

येथे पिता व पुत्र यांच्या चरित्रांची रेषा एकमेकींवर येते. बापाने सुलतान दूर करून मूल गादीवर बसविले होते. मुलानेही तेच केले. फरक हेतूत होता. बापाने ते कृत्य केले तेव्हा त्याच्या मागे फौज होती, वसुलाची घडी होती, मराठे व हबशी यांचा विश्वास होता, आणि दिल्लीपुढे मान न वाकविण्याचा निश्चय होता. मुलाजवळ यांपैकी काही उरले नव्हते. त्याने केवळ कृत्याची नक्कल केली, आणि तीही दिल्लीच्या आश्रयासाठी. पण नक्कल कोणाची, हा प्रश्न राहतोच. मुले बापाचे उपदेश विसरतात व बापाने केलेले लक्षात ठेवतात. अंबराच्या यशाखाली जे झाकले गेले होते, ते फत्तेखानाच्या अपयशात उघडे पडले.

शेवट दौलताबादेस झाला. या किल्ल्याच्या बाहेरच्या तटास अंबरकोट म्हणतात. तो मलिक अंबराने उभारलेला. १६३३ साली विजापूरकरांची फौज दौलताबादेवर आली तेव्हा फत्तेखानाने मोगल सेनापती महाबतखान यास मदतीस बोलाविले. मोगल जवळ येताच त्याचे मन फिरले व तो विजापूरकरांशी बोलणे करू लागला. मग महाबतखानाने किल्ल्यालाच वेढा घातला. सुरुंग लावून मोगलांनी प्रथम अंबरकोट फोडला. बापाचा तट पडला तरी आत महाकोट होता, त्याच्याही आत काळाकोट होता. परंतु धान्य संपले होते, रोगराई माजली होती, आणि बाहेरून मदत पोहोचत नव्हती. जून १६३३ मध्ये फत्तेखानाने किल्ला स्वाधीन केला. बाल हुसेनशाहाची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदखान्यात झाली. फत्तेखानास बादशाहाने सालीना दोन लक्ष रुपयांची नेमणूक करून दिली व तो लाहोरास राहू लागला. डोक्यास पूर्वी झालेल्या एका जखमेमुळे त्याच्या बुद्धीस विकार झाला होता, असे मोगल ग्रंथकार सांगतात. ज्या घराण्याच्या मूळपुरुषाचे मस्तक जहांगीराला चित्रातच पाहावे लागले, त्याचा वारस जहांगीराच्या मुलाचे अन्न खात दिवस काढू लागला.

परंतु अंबराच्या वारशाचा शेवट लाहोरास झाला नाही. त्यासाठी पुन्हा नगर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत आले पाहिजे. दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी, विजापूरकरांच्या साह्याने, त्याच वर्षी निजामशाही घराण्यातील एक मूल संगमनेरजवळच्या पेमगिरी किल्ल्यावर गादीवर बसविले. १६०० साली परांड्यास अंबराने जे केले होते, तेच हे होते. राजधानी गेली तरी राज्य गेले असे मानावयाचे नाही. डोंगर हाती धरावयाचे. लहान फौजेने मोठ्या फौजेस हैराण करावयाचे. तीन वर्षे हा झगडा चालला. पूर्वेस पेमगिरी आणि घाटाखाली पश्चिमेस माहुली, या दोन दुर्गांच्या मधल्या मुलखात राजूर आहे. तेथून प्रवरेच्या उगमाकडे रतनगड उभा आहे, दक्षिणेस हरिश्चंद्रगडाचा पहाड आहे, आणि या साऱ्या डांगी मुलखात महादेव कोळ्यांची वस्ती पूर्वापार आहे. दख्खनेतील शेवटची निजामशाही अशाच दऱ्याखोऱ्यांच्या आधाराने जगली. १६३६ साली माहुलीस शहाजीराजांचा नाइलाज झाला. बाल सुलतान मोगलांच्या स्वाधीन करावा लागला व निजामशाहीचे नाव पुसले गेले. त्यानंतर मोगली अमलाने जमिनींची मोजणी करून सारा वाढविला, तेव्हा या डोंगरांतील कोळी खेमी नाईकाच्या पुढारीपणाखाली उठले, अशी हकीकत इंग्रजी अमदानीत कॅप्टन मॅकिंटॉशने या जमातीविषयी लिहिताना नोंदविली आहे. मलिकंबरी घडी मोडल्याचा अर्थ राजूरच्या आसपासच्या माणसांस असा समजला.

अंबराचा वारस कोण, या प्रश्नाची म्हणून दोन उत्तरे आहेत. घराचा वारस फत्तेखान. विद्येचा वारस शहाजीराजे, व त्यांच्यापासून ती पुढे त्यांच्या पुत्राकडे गेली आणि तिचे सोने झाले. हबशी गुलामांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे पाहिले तर यात आश्चर्य नाही; तेथे विद्या नेहमीच रक्ताबाहेर जात असे. आश्चर्य एवढेच, की त्या रिवाजानेच वर आलेल्या माणसाला आपल्या मुलाबाबत त्याचा विसर पडावा.

फत्तेखानास इतिहासाने भेकड व कृतघ्न ठरवून टाकले आहे. त्याची कृत्ये पाहता ती विशेषणे सर्वस्वी खोटी नाहीत. तथापि न्याय करताना एक गोष्ट वजनात धरावी लागते. 'फेन्सेस'मधील ट्रॉय मॅक्सनने मुलास काहीच घेऊ दिले नाही. मलिक अंबराने मुलास सर्व काही आयते दिले. एकाने जगाची भीती मुलाच्या पदरात टाकली, दुसऱ्याने जगावरचा विजय टाकला. दोन्ही मुलांना बापाच्या सावलीतून बाहेर येता आले नाही. मात्र ट्रॉयच्या मुलाला घर सोडून जाण्याची मोकळीक होती. अंबराच्या मुलाला ती नव्हती, कारण त्याचे घर म्हणजेच राज्य होते. मोठ्या माणसाचा मुलगा होणे ही चैन नव्हे, हे शहाण्या नाटककारांना पूर्वीपासून ठाऊक आहे. खुलदाबादेस अंबराची कबर आहे, दौलताबादेस सुरुंगाने फुटलेला त्याचा कोट आहे, आणि राजूरच्या पलीकडे त्याच्या विद्येचे शेवटचे आश्रयस्थान असलेले डोंगर आहेत. या तीन स्थळांत मिळून ते नाटक पुरे होते.